शेवटचे दहा सेंट

रविवार, २ ऑक्टोबर २०११

या वह्या ऑगस्टात एका सेंटाला एक मिळाल्या. एका गिऱ्हाइकाला दहाच, म्हणून मी चार फेऱ्या मारल्या. घरात चाळीस कोऱ्या वह्या आणि शाळेत जाणारं कुणी नाही. तेव्हा आजपासून दैनंदिनी.

सकाळी ड्वेन उठायच्या आत चारही वर्तमानपत्रांच्या पुरवण्या कापून झाल्या. कूपनं फाइलमध्ये कप्प्याकप्प्यांत लावली. जेवणानंतर ड्वेनने आठवड्याचं पाकीट दिलं, नेहमीचे चाळीस डॉलर, आणि मागच्या आठवड्याची बिलं मोठ्याने वाचली. सगळ्यात खाली 'आपली बचत' असं छापलेलं असतं, ती ओळ तो दोनदा वाचतो.

"नोरीन, तू बँक लुटली असतीस तरी इतकं घरी आणलं नसतंस!"

मला बरं वाटतं, का खोटं बोलू? दातांच्या डॉक्टरांकडे नऊ वर्षं काउंटरवर बसले, तिथे कुणी असं एकदाही म्हटलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडायची कल्पनाही ड्वेनचीच. तू कमावतेस त्याहून जास्त वाचवतेस, म्हणाला. बँकेचं कार्डही तोच सांभाळतो, म्हणजे मला नको त्या वस्तूंचा मोह व्हायला नको.

संध्याकाळी टेसाचा नॉक्सव्हिलहून फोन. दोन नोव्हेंबरची तारीख दिलीय डॉक्टरांनी. बाळाचा बाप मायका उत्तर डकोटात तेलविहिरींवर आहे. पैसे पाठवतो, फोन करत नाही.

"आई, तू येशील ना? मला भीती वाटते गं."

"येईन म्हणजे काय, येणारच."

वर्तमानपत्राआडून ड्वेन म्हणाला, "बघू."

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज तिप्पट बुधवार. हॉल्झमनच्या दुकानात बुधवारी प्रत्येक कूपनची तिप्पट किंमत धरतात, पण एका माणसाची वीसच कूपनं. मी आणि मार्जी सकाळी सात वाजता दारात. मार्जी शाळेची बस चालवायची, आता निवृत्त. तिचं तोंड बसच्या भोंग्यासारखं आहे.

आमच्या पुढच्या एका नव्या बाईने कॉफीचं अख्खं फळकूट रिकामं केलं. मार्जी म्हणाली, "बाई, मागच्यांनी काय वास घेऊन घरी जायचं?" बाई लाजली, सहा डबे परत ठेवले. दोन मी घेतले. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नाही. ड्वेनला छातीत जळजळतं आणि मला झोप येत नाही. पण फुकट होती.

घरी आल्यावर जागा शोधायला अर्धा तास गेला. तळघर भरलंय. टेसाची खोलीही भरलीय, तिच्या पलंगावर टॉयलेट पेपरचे रोल छतापर्यंत. शांपूच्या बाटल्या एकशे दहा. दोन माणसांच्या डोक्यांना, आणि त्यातलं एक टकलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

पाकीट, बिलं, शाबासकी.

मग मी नॉक्सव्हिलचा विषय काढला. ड्वेन चिडला नाही. तो कधीच चिडत नाही, हे मी सगळ्यांना सांगते. दारू नाही, हात उगारणं नाही. शांतपणे म्हणाला, "तिथे नर्सा पगार घेतात ना? त्यांचं काम त्यांना करू दे. चारशे मैल जायचे, चारशे यायचे, पेट्रोल काय झाडाला लागतं? त्यापेक्षा डायपर पाठव. तुला ते फुकट मिळतात."

तसं त्याचं गणित चुकीचं नसतं. मी भांडी घासली. घासून झालेलं पातेलं पुन्हा घासलं.

सोमवार, १० ऑक्टोबर

सुचलं! हॉल्झमनच्या कार्डावर गुण जमतात. दर पन्नास डॉलरच्या खरेदीला त्यांच्याच पंपावर गॅलनमागे दहा सेंट सूट. आणि गंमत अशी की पन्नास डॉलर धरतात ते कूपनं लावायच्या आधीचे. मी आठ डॉलर देऊन येते तेव्हा कार्डावर साठ डॉलरची खरेदी चढलेली असते. महिनाअखेर गुण बाद. एकदा पेट्रोल भरलं की गुण शून्य.

मी ते आजवर किरकोळ उडवत आले. या महिन्यात एकही वापरणार नाही. गॅलनमागे दोन डॉलर सूट जमली तर माझी ब्यूइक चोवीस डॉलरांत गळ्यापर्यंत भरेल. आणि एका टाकीत नॉक्सव्हिल! पंच्याहत्तर नंबरचा रस्ता आमच्या फिंडलेच्या बाहेरूनच जातो, कुठे वळायचंसुद्धा नाही. परत येतानाचं परत येताना बघू.

ड्वेनला रात्रीच्या जेवणावर सगळी योजना सांगितली. लपवाछपवी मला जमत नाही, आणि तो गाडीचे मैल दर शनिवारी लिहून ठेवतो, तेव्हा आठशे मैल लपणार कुठे? शिवाय पंपावर कार्ड नसलं तरी घरचा फोन नंबर दाबला की चालतं, म्हणून बजावलं, की महिनाभर गुणांना हात लावू नकोस. ते टेसासाठी आहेत.

"हं," म्हणाला. बटाट्यावर लोणी घातलं. म्हणजे नाही म्हणाला नाही!

बुधवार, १९ ऑक्टोबर

एक डॉलर चाळीस सेंट झाले.

डायपरवर दुप्पट गुण चालू आहेत, म्हणून चौदा पाकिटं घेतली, तीन फेऱ्यांत. जवळजवळ फुकट पडली. डिकीतच ठेवली आहेत. घरात आणली तर परत बाहेर काढायला अख्खा दिवस जाईल.

चोवीस डॉलरांचा प्रश्न मात्र होता. पाकिटातले उरलेले पैसे रविवारी ड्वेन परत घेतो, बिलाशी ताळा करून. पुढच्या खरेदीत पैशांसारख्या चालणाऱ्या ज्या पावत्या गल्ल्यावर छापून मिळतात, त्या माझ्याकडे अठ्ठावीस डॉलरच्या आहेत, पण त्या त्याच दुकानात चालतात, पंपावर नाही, आणि पंधरा दिवसांत बाद. मार्जीला हे बोलले तर तिने माझ्याकडून तेरा टूथपेस्ट विकत घेतल्या आणि सव्वीस डॉलर हातावर ठेवले. तिच्याकडे माझ्याहून जास्त टूथपेस्ट आहेत. कशाला घेतल्या देव जाणे.

जाताना गाडीची काच खाली करून म्हणाली, "नोरीन, शंभर शांपू आहेत तुझ्याकडे आणि खिशात बसच्या तिकिटाचे पैसे नाहीत. हे कधी लक्षात आलंय का तुझ्या?"

मी म्हटलं, बसला कोण जातंय, माझ्याकडे गाडी आहे.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कुणी असं बघितलं की मला राग येतो.

रविवार, २३ ऑक्टोबर

टेसाचा दहा दिवसांत फोन नाही. मी केला तर तिचा आवाज तुटक.

"निरोप मिळाले नाहीत का माझे?"

"कुठले निरोप?"

आमचं फोनवरचे निरोप नोंदवणारं यंत्र पुन्हा निरोप गिळायला लागलंय. मागच्या इस्टरलाही असंच केलं होतं. नवीन घ्यायला हवं. नोव्हेंबरात त्यावर सूट येते.

टेसा म्हणाली, पाय सुजलेत, रात्री एकटीला भीती वाटते. मी तिला सांगितलं की तीसला, रविवारी दुपारी निघते, रात्री तुझ्यापाशी. एक साठ झालेत, दोन झाले की टाकी भरते.

"आई, मी तुला पेट्रोलचे पैसे पाठवते ना!"

"वेडी की काय? पूर्ण किमतीत?"

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

बुधवार, २६ ऑक्टोबर

एक नव्वद!

मार्जी म्हणाली, "आत्ता भर. आत्ता, या मिनिटाला. चल, मी उभी राहते तुझ्यासोबत."

मी म्हटलं, दहा सेंटांसाठी थांबते, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि टाकी अजून अर्धी आहे. अर्ध्या टाकीवर भरलं तर अर्ध्याच टाकीवर सूट मिळाली, बाकीची वाया. जितकी रिकामी तितका फायदा. हे कूपनातलं पहिलीचं गणित आहे आणि मला ते मार्जीनेच शिकवलं.

"मी शिकवलेलं सगळंच ऐकायचं नसतं, बाई," म्हणाली.

रात्री आडवी पडले आणि वाटेतली गावं मोजत राहिले. चारशे मैल मी एकटीने गाडी कधी चालवलेली नाही. खरं सांगायचं तर पोटात एक मेला विचारही आला, की काहीतरी होऊन जाणं रद्द झालं तर बरं. लिहिलं एकदा. आता खोडत नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

दोन डॉलर! सकाळी मांजरांचं खाणं घेतलं आणि आकडा पूर्ण झाला. आमच्याकडे मांजर नाही, खाणं मार्जीच्या शेजारणीला दिलं. गल्ल्यावरच्या पोरीने पावतीवर हसरा चेहरा काढून दिला.

टाकीत पाव उरलंय. मोह झाला, पण रविवारी निघतानाच भरेन, तोवर आणखी खाली जाईल.

ड्वेन कामावरून उशिरा आला, फार खुशीत. येताना माझ्यासाठी भोपळ्याचं गोड सारण भरलेला 'पंपकिन पाय' घेऊन आला, चक्क दुकानातून, पूर्ण किमतीचा! भाऊ रेक्सकडे गेला होता म्हणे. हाताला पेट्रोलचा वास येत होता, गवत कापायचं यंत्र बघत असतील दोघं. ऑक्टोबर संपता संपता कसलं गवत, पण पुरुषांना काहीतरी खुडबुड लागते. दोन तुकडे खाल्ले मी. इतकं प्रेमाने आणलं तर जायचं म्हणून मलाच अपराधी वाटलं.

रविवार, ३० ऑक्टोबर, दुपारी पाऊण

पंपावर गाडीत बसून लिहितेय.

ड्वेन चर्चहूनच रेक्सकडे सामना बघायला गेला. मी चिठ्ठी लिहिली, चार दिवसांचं जेवण डब्यांत भरून वर वार चिकटवले, बॅग घेतली, निघाले. गाडी वाफेवर चाललीय म्हणावी इतकी टाकी रिकामी ठेवली होती. पंपावर नंबर दाबला. भाव हललाच नाही. तीन डॉलर एकोणचाळीस. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

आतल्या मुलीने, ब्रियाना नाव आहे तिचं, बघून सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी वापरलेत, मॅडम. वीस गॅलन."

तिच्याच फोनवरून रेक्सकडे फोन लावला. मागे सामन्याचा आरडाओरडा.

ड्वेन म्हणाला, "अगं, सोमवारी बाद होणारच होते ना? रेक्सच्या ट्रकमध्ये भरलं. फुकट कशाला घालवायचे?"

"मी तुला सांगितलं होतं ते कशासाठी जमवतेय."

"सांगितलं होतंस. मी हो म्हटलं होतं का?"

मी काचेतून माझ्या गाडीकडे बघितलं.

"घरी ये आता, उगाच चिडू नकोस. पाच वाजता येतो मी. खिम्याचा मीटलोफ कर."

आणि मी, लिहायलाही लाज वाटते, मी "बरं" म्हटलं.

सव्वीस डॉलर आहेत. पूर्ण भावाने सात-आठ गॅलन येईल. त्यात सिनसिनाटीच्या पुढे कुठेतरी गाडी बंद पडेल. घरापर्यंत मात्र वाफेवरही जाईल, दीड तर मैल आहे. शुक्रवारी भरलं असतं तर. बुधवारी एक नव्वदवर भरलं असतं तर! दहा सेंटांसाठी. ड्वेनने केलं ते केलं, पण त्याच्यासाठी ते दोन दिवस मी स्वतःच्या हाताने मांडून ठेवले.

सोमवार, ३१ ऑक्टोबर, नॉक्सव्हिल

पंपावर मी घरी जायला म्हणून गाडी सुरू केली होती. खरंच केली होती. शेजारच्या पंपावर एक पोरगेलासा बाप, मागच्या सीटवर बाळ किंचाळतंय, आणि तो फोनवर कुणाला तरी म्हणतोय, "अगं हो, डायपर घेऊनच येतो, पण आधी पेट्रोल, दोन्ही होणार नाही आज."

मी काच खाली केली. "कितव्या नंबरचे डायपर लागतात?"

तो दचकला. "एक. एक नंबरचे."

"चार डॉलरला पाकीट देते. दुकानात दहाला आहे."

डिकी उघडली तर तो हसायलाच लागला. दोन घेतली. मग आठ डॉलर माझ्या हातात होते, खरे, कुठेही चालणारे, मुदत नसलेले. मी गाडी बंद केली. पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर लिहिलं 'डायपर ४ डॉलर' आणि डिकीला टेकवून उभी राहिले. ओळखीचं कुणी बघेल म्हणून आधी मान खाली होती. मग चर्चमधल्याच एका बाईने तीन घेतली आणि वर म्हणाली, "नोरीन, ड्वेनला माहीत आहे का?"

"नाही," मी म्हटलं. आणि तिची तीन पाकिटं तिच्या हातात ठेवली.

ब्रियाना बाहेर आली. मला वाटलं हाकलणार. "मॅडम, इथे विकायला परवानगी नाही," म्हणाली, आणि मग हळूच, "माझ्या बहिणीसाठी दोन द्या, आणि मी जेवायला जातेय अर्धा तास. मला काही दिसलेलं नाही."

बारा पाकिटं गेली. दोन मी टेसासाठी मागे ठेवली होती. तेवढ्यात एक म्हातारी आली, कडेवर नातू, दुसऱ्या हातात नाणी मोजत. पोरगी कुठे असते विचारलं तर नुसती मान हलवली. तिला ती दोन्ही तशीच दिली. हे गणित कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही, पण दिली.

मग सत्तावन्न डॉलरचं पेट्रोल भरलं. पूर्ण भावाने. तीन वर्षांत पहिल्यांदा. पंपाचे आकडे फिरत होते तशी मी बुडालेली सूट मोजत होते, गाडी पंच्याहत्तरच्या रस्त्यावर लागल्यावर ते मोजणं थांबलं.

केंटकीत अंधार पडला. ट्रक दोन्ही बाजूंनी. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं सरळ होईनात. पाच वाजले तेव्हा वाटलं, आता तो घरात आला. सहा वाजले तेव्हा वाटलं, आता चिठ्ठी वाचून झाली. आठनंतर वेळ बघायचं सोडलं.

टेसाच्या घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, दुपारीच कळा सुरू झाल्या, मीच सोडून आले इस्पितळात. मी पोचले तेव्हा बाळ दोन तासांचं होतं. मुलगी. आठ वाजून दहा मिनिटांनी झाली. मी नव्हते.

टेसाच्या ओठांवर सालपटं निघाली होती. ती ओरडेल म्हणून मी दारातच थांबले. ती म्हणाली, "तू आलीस?" आणि रडायला लागली, मग मीही.

नंतर म्हणाली, "आपण फोनवर बोललो त्यानंतर मी आणखी चार निरोप ठेवले होते, आई. डॉक्टर म्हणाले होते की लवकर होईल. म्हणून सांगत होते, आधी ये."

"अगं, ते आमचं यंत्र..."

"यंत्र नाही, आई."

मी म्हटलं, इस्टरलाही त्याने असंच...

"यंत्र नाही," ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं.

मी बाळाच्या टोपीकडे बघत बसले. इस्टरला टेसाने मला तिच्याकडे राहायला बोलावलं होतं. मला ते मेमध्ये कळलं होतं. इतका वेळ मी त्या यंत्राला शिव्या घालत आले. दोनदा त्याची वायर बदलली. एकदा तर ड्वेननेच धरून ठेवली होती वायर, मी बसवेपर्यंत.

टेसाच्या हट्टाने आज दुपारीच घरी सोडलं, तेव्हा नर्सने दोन डायपर दिले. टेसा गाडीत म्हणाली, "बरं झालं तू आहेस, माझ्याकडे एकच पाकीट आहे. तू आणली असशील ना खंडीभर?"

मला सांगावं लागलं. आधी ती बघतच राहिली, मग हसायला लागली ते टाक्यांना हात लावून, "आई गं, हसवू नकोस, दुखतंय, तू? तू विकलीस?"

वाटेत दुकानाशी थांबले. तिला आणि बाळाला गाडीत बसवून आत गेले, एक पाकीट उचललं. हॅलोवीन म्हणून गल्ल्यावरच्या पोरीने गालांवर मांजराच्या मिशा काढल्या होत्या. दहा नव्वद झाले. "कूपन आहे?" म्हणाली.

होतं. गाडीत, फाइलच्या तिसऱ्या कप्प्यात, दोन डॉलरचं, आजच बाद होणारं. माझे पाय दाराकडे वळलेसुद्धा. पण बाहेर काचेतून टेसा दिसत होती, मान मागे टाकून बसलेली, आणि माझ्या मागे रांगेत तीन माणसं.

"नाही," म्हटलं, आणि पैसे दिले. सहा डॉलर आणि थोडी चिल्लर उरली.

घरी आल्यावर बाळाचा डायपर मी उलटा बांधला. तीन वर्षांत डायपरची किती पाकिटं उचलली असतील याचा हिशेब नाही, पण एक तरी उघडून बघितलं होतं का? टेसाने दाखवलं कसा बांधायचा ते.

मघाशी ड्वेनचा फोन आला, टेसाने घेतला. मला ऐकू येत होतं, आवाज नेहमीसारखाच शांत. बुधवारी तिप्पट आहे, आईला आठवण कर, म्हणत होता. टेसाने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू? कधी परत येतेस म्हणून विचारतायत."

बाळ माझ्या खांद्यावर होतं. गरम, जड, तोंडातून दूध गळत असलेलं.

"टाकी रिकामी आहे म्हणावं," मी म्हटलं. "आणि भरायची मला घाई नाही."